‘शार्क टँक’ पाहताना आपण नक्की काय पाहतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भांडवल उभारणीविषयीच्या गेल्या अंकातील लेखानंतर आलेल्या पत्रांमध्ये बँक, अनुदान किंवा करसवलती यांच्यापेक्षा ‘शार्क टँक इंडिया’ आणि त्या जातीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांविषयीच अधिक विचारणा होती. नवउद्योजक आपला व्यवसाय गुंतवणूकदारांपुढे मांडतो, कंपनीतील काही हिस्सा देऊ करून भांडवल मागतो आणि ते त्याला मिळते किंवा नाकारले जाते, एवढेच या कार्यक्रमांचे कथानक असते. तरीही ते घरोघरी आवडीने पाहिले जातात, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच प्रश्नांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी कुणाचाही धंदा नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते, माझे यजमान एस.टी. महामंडळात आहेत. तरीही सासूबाई, आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा असे सगळे ‘शार्क टँक इंडिया’ एकत्र बसून पाहतो आणि कोणतीही मालिका पाहून होत नाही एवढी चर्चा त्यावर करतो. ज्या व्यवहाराशी आपला काहीही संबंध नाही, त्यात मन एवढे का गुंतते? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : याचे पहिले कारण मला असे दिसते की, पैशाबद्दलचे जे बोलणे आपल्या मध्यमवर्गीय घरांत दार लोटून आणि मुलांना बाहेर पाठवून होते, ते इथे सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात आणि नेमक्या आकड्यांसह होते. कोपऱ्यावरच्या गाडीवर एका वडापावामागे किती सुटतात, पुण्यात दुकान काढलेल्या आतेभावाने पैसा कुठून उभा केला, शेजारच्या ब्यूटी पार्लरचे महिन्याचे भाडे तरी निघते का, हे प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतात, पण ते विचारणे असभ्य समजले जाते. कार्यक्रमात मात्र एक अनोळखी माणूस समोर उभा राहतो आणि गेल्या वर्षी विक्री किती झाली, एक नग तयार करायला काय खर्च येतो, तो दुकानदाराला कितीला जातो, ऑनलाइन विकला तर जाहिरातीवर किती खर्च होतात आणि शेवटी हाती काय उरते, हे एकेक करून सांगतो. सांगितले नाही तर त्याला विचारले जाते आणि अंदाजाने ठोकून दिले तर लगेच पकडले जाते. आपली वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली उत्सुकता इथे उघडपणे भागते आणि त्यात गैर काही आहे, असे मला वाटत नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रेक्षकाला मिळणारा निवाड्याचा अधिकार. ‘कौन बनेगा करोडपती’ पाहताना उत्तर माहीत असावे लागते. इथे स्वतःचा अनुभव पुरतो. लोणचे, फरशी पुसण्याचे द्रव, केसांचे तेल किंवा लहान मुलांचा खाऊ यांपैकी काहीही समोर आले, की ते घरात दुसऱ्यांदा विकत आणले जाईल की नाही, याबाबतचे आपल्या सासूबाईंचे मत समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या कोणाही गुंतवणूकदाराच्या मताइतकेच वजनदार असते. बरेचदा ते अधिक बरोबरही ठरते, कारण त्यांनी त्या वस्तू चाळीस वर्षे वापरलेल्या असतात. गुंतवणूकदारांनी तोंड उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपला निकाल दिलेला असतो, आणि तो खरा ठरतो की खोटा, हे पाहण्यासाठी सगळे थांबतात.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी जमतात, बोली चढते आणि मालकाच्या देखत भाव ठरतो. ज्यांचा एक कांदाही विकायचा नसतो असे लोकही तिथे खिळून उभे राहतात, कारण कोणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचे मोल आपल्या डोळ्यांसमोर ठरत असते. या कार्यक्रमाची ओढ त्याच जातीची आहे. फरक इतकाच की, लिलावात शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते, तर इथे विकणारा थांबून विचार करू शकतो, उलट आकडा सांगू शकतो, दोन गुंतवणूकदारांत चढाओढ लावू शकतो आणि नमस्कार करून परतही जाऊ शकतो. घासाघीस ही आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट आहे. तीच इथे लाखांच्या आणि कोटींच्या पातळीवर होते.

आपल्या मुलाबद्दल एक सुचवावेसे वाटते. त्याला प्रत्येक सादरीकरणातले तीन आकडे कागदावर लिहायला सांगावे: मागितलेली रक्कम, देऊ केलेला हिस्सा आणि गेल्या वर्षीची विक्री. एक कोटी रुपये पाच टक्क्यांसाठी मागितले, तर संपूर्ण कंपनीची किंमत वीस कोटी सांगितली गेली. आणि विक्री दोन कोटी असेल, तर विक्रीच्या दहापट किंमत लावली गेली. शेकडेवारीचा एवढा जिवंत तास शाळेत घेणे कठीण आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

प्रश्न : हा प्रकार मुळात अमेरिकेतून आला का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, तो जपानमधून आला. २००१ साली निप्पॉन टीव्हीवर या धर्तीचा पहिला कार्यक्रम सुरू झाला. जानेवारी २००५ मध्ये बीबीसी टू या वाहिनीने त्यावरून ‘ड्रॅगन्स डेन’ सुरू केला. त्यात मागितलेली रक्कम पूर्ण उभी राहिली नाही, तर उद्योजकाला रिकाम्या हाताने जावे लागते, आणि या एका नियमामुळे प्रत्येक सादरीकरणाला शेवटपर्यंत ताण राहतो. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘शार्क टँक’ ९ ऑगस्ट २००९ रोजी सुरू झाला, म्हणजे मोठ्या आर्थिक मंदीच्या झळा बसत असताना, लोकांच्या नोकऱ्या जात असताना. आपल्याकडे सोनी वाहिनीवर तो २० डिसेंबर २०२१ रोजी आला. तेव्हा टाळेबंदीत अनेकांनी घरातून डबे, केक, मसाले, कपडे विकायला सुरुवात केलेली होती, मोबाइलवरून पैसे देणे-घेणे अंगवळणी पडले होते, आणि कार्यक्रमाचे तुकडे त्याच मोबाइलवर पाहिले जात होते. दोन्ही देशांत लोकांच्या मनात स्वतःचे काही करण्याचा विचार घोळत असतानाच हा कार्यक्रम आला, हे त्याच्या लोकप्रियतेचे मला पटणारे स्पष्टीकरण आहे.

प्रश्न : पहिल्या पर्वात मालेगावकडून आलेल्या ‘जुगाडू कमलेश’ यांना मिळालेल्या सौद्याने आम्ही सगळे भारावून गेलो होतो. आता वाणिज्य शाखेत शिकताना तोच भाग पुन्हा पाहिला आणि हिशेब केला, तेव्हा वाटले की त्यांनी कंपनी फार स्वस्तात दिली. मग आम्हाला आनंद कशाचा झाला होता? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे आणि आपला आनंदही बरोबर होता. दोन्ही नीट उलगडून पाहू.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेतकरी पिकातून चालतो, तेव्हा पंधरा-वीस लिटरचे ओझे त्याच्या खांद्यावर असते आणि औषधाचा फवारा वाऱ्याबरोबर त्याच्याच तोंडावर, हातांवर येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. या तरुणाने सायकलसारखी ढकलत नेता येईल अशी गाडी बनवली होती आणि औषधाचे ओझे पाठीवरून उतरवून त्या गाडीवर ठेवले होते. त्याने ३० लाख रुपये मागितले आणि १० टक्के हिस्सा देऊ केला. शेवटी गुंतवणूकदारांपैकी, चष्मे विकणाऱ्या लेन्सकार्ट कंपनीचे पीयूष बन्सल यांनी १० लाख रुपये ४० टक्के हिश्श्यासाठी आणि आणखी २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज म्हणून देण्याचे ठरले.

आता आकडे. ३० लाखांना १० टक्के म्हणजे गुंतवणूक धरून कंपनीची किंमत ३ कोटी. १० लाखांना ४० टक्के म्हणजे ती किंमत २५ लाख, आणि त्यातले १० लाख तर नव्याने आलेले, म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या कामाचे मोल १५ लाख ठरले. ३ कोटींवरून २५ लाखांवर येणे हे कोणत्याही बाजारात मोठे उतरणे आहे. शिवाय पुढचा धोका वेगळाच. संस्थापकाकडे ६० टक्के उरले. पुढे कधी नवा गुंतवणूकदार आला आणि २० टक्के नवे समभाग त्याला द्यावे लागले, तर ते ४८ टक्के होतात, आणखी एकदा तसेच घडले तर ३८.४ टक्के. पहिल्याच पायरीवर एवढा हिस्सा दिला, की स्वतःच्या कंपनीत अल्पमतात जाण्याची वाट फार लांब राहत नाही. आपण वर्गात हे मांडले असेल, तर योग्य मांडले आहे.

पण व्यवहाराची दुसरी बाजू केवळ टक्क्यांत मावत नाही. मागितलेले ३० लाख पूर्ण मिळाले. त्यातल्या २० लाखांवर एरवी बारा टक्क्यांनी व्याज द्यावे लागले असते, तर वर्षाला २ लाख ४० हजार गेले असते, आणि तारण किंवा हमीदार नसताना एवढे कर्ज मिळणे ग्रामीण भागातल्या तरुणाला जवळपास अशक्य असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरच्या अंगणात वेल्डिंग करून बनवलेला नमुना आणि कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडणारी, प्रत्येक नग सारखा असलेली वस्तू यांच्यात आराखडा, साचे, सुटे भाग, चाचण्या आणि विक्रेते असे मोठे अंतर असते. ते अंतर पैशाने एकट्याने पार होत नाही. ज्याने एक उद्योग उभा करताना ते पार केले आहे, असा माणूस सोबत येणार असेल, तर त्याचा मोबदला चाळीस टक्के असावा का, यावर दोन मते असू शकतात. माझे मत असे की हिस्सा पंचवीसच्या आसपास थांबायला हवा होता. मात्र त्या तरुणाच्या जागी उभे राहून सौदा नाकारण्याचा सल्ला मी दिला नसता, कारण नकार दिल्यावर त्याच्यासाठी दुसरे दार उघडे दिसत नव्हते.

आनंदाचे कारण मला असे वाटते. नागरी, इंग्रजी सफाईदार बोलणाऱ्या, मोठ्या संस्थांतून शिकून आलेल्या उद्योजकांच्या रांगेत एक खेड्यातला माणूस आपल्या बोलीच्या वळणाची हिंदी बोलत उभा राहिला, त्याने शेतातले दुखणे दाखवले, आणि समोरच्याने ते गंभीरपणे घेतले. अनेक घरांत आईवडिलांनी फवारणी केलेली आहे. त्यांना त्या दिवशी आपलेच कोणीतरी तिथे उभे दिसले. कार्यक्रमाचे खरे बळ या क्षणांत आहे, आणि त्याचा सौद्याच्या किमतीशी थेट संबंध नाही. आपण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या, की आपली जुनी भावना आणि नवा अभ्यास यांचे भांडण राहत नाही.

प्रश्न : हे सगळे खरे असते का? की कोणाला पैसे द्यायचे, कोणी रडायचे आणि कोणी भांडायचे, हे आधी ठरलेले असते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे गुंतवणूकदारांचे स्वतःचे असतात आणि आकड्यांवरची ओढाताण खरी असते. जे बदलते ते संकलनात. एका उद्योजकाशी झालेले तासभराचे किंवा त्याहून लांबलेले बोलणे आपल्याला दहा-पंधरा मिनिटांत दिसते. कच्च्या मालाच्या दरावर झालेली वीस मिनिटांची चर्चा कात्रीखाली जाते आणि डोळ्यांत आलेले पाणी राहते, कारण प्रेक्षक कशासाठी थांबतो ते संकलकाला माहीत असते. शिवाय चित्रीकरणापर्यंत पोहोचण्याआधी अर्ज, चित्रफिती, मुलाखती यांची मोठी चाळणी असते. त्यात चांगला उद्योग आणि चांगली गोष्ट सांगणारा माणूस, दोन्ही पाहिले जातात. त्यामुळे पडद्यावर दिसणारे उद्योजक हे देशातल्या उद्योजकांचे प्रातिनिधिक चित्र नाही, एवढे लक्षात ठेवावे.

हस्तांदोलन झाले म्हणजे व्यवहार झाला, असेही नाही. त्यानंतर कंपनीची कागदपत्रे तपासली जातात: बँकेची विवरणे, जीएसटीची विवरणपत्रे, ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, भागीदारांत वाद आहे का, जुनी देणी किती. पडद्यावर सांगितलेली विक्री आणि कागदावरची विक्री जुळली नाही, की सौदा तिथेच मोडतो. कधी उद्योजकच मागे फिरतो. कार्यक्रम प्रसारित होईपर्यंत मध्ये काही महिने गेलेले असतात, प्रसारणानंतर मागणी अचानक वाढते, आणि मग ज्या किमतीला हिस्सा द्यायचे ठरले होते ती त्याला कमी वाटू लागते. टाळ्या वाजलेला प्रत्येक सौदा पूर्ण झाला, असे समजू नये.

अमेरिकेतील सुरुवातीच्या पर्वांत तर एक अट अशी होती की, कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने, गुंतवणूक मिळो वा न मिळो, निर्मितीसंस्थेला कंपनीतील ५ टक्के हिस्सा किंवा नफ्यातील २ टक्के द्यायचे. मार्क क्यूबन या गुंतवणूकदाराने आग्रह धरला आणि ती अट काढून टाकण्यात आली. केवळ पडद्यावर दिसण्याचीच एवढी किंमत निर्मात्यांना मागता येत होती, यावरून कार्यक्रम म्हणजे उद्योजकासाठी काय आहे, ते समजते. २०१३ साली जेमी सिमिनॉफ यांनी तिथे दारावरची कॅमेरा बसवलेली घंटा आणली होती आणि ७ लाख डॉलर १० टक्क्यांसाठी मागितले होते. एकाच गुंतवणूकदाराने प्रस्ताव दिला, तो त्यांनी नाकारला आणि ते पैसे न घेता परतले. पुढे ‘रिंग’ या नावाने ओळखली गेलेली ती कंपनी २०१८ साली ॲमेझॉनने विकत घेतली आणि त्याच वर्षी सिमिनॉफ त्याच कार्यक्रमात पाहुणे गुंतवणूकदार म्हणून बसले. २०१३ मध्ये पैसे न घेता परतले त्या रात्री लाखो घरांत त्यांची घंटा पाहिली गेली, हाच त्यांचा खरा लाभ होता.

प्रश्न : एखाद्या होतकरू माणसाला सगळ्या देशासमोर टाकून बोलणे, त्याच्या वस्तूची खिल्ली उडवणे, हे मनोरंजन कसे होऊ शकते? (एक वकील, नागपूर)

उत्तर : पहिल्या पर्वात अश्नीर ग्रोव्हर या गुंतवणूकदाराच्या बोलण्यावर बरीच चर्चा झाली होती, ती आपल्या मनात असावी. स्पष्ट नकार ऐकण्यात प्रेक्षकाला एक समाधान मिळते, हे खरे आहे. आपल्याकडे नातेवाईक, बँका आणि कार्यालये स्पष्ट ‘नाही’ क्वचितच म्हणतात; ‘बघू’, ‘कळवतो’, ‘साहेब आल्यावर’ यांतच माणसाची वर्षे जातात. पाच मिनिटांत कारणासह मिळालेला नकार त्या तुलनेत उपकारच ठरतो. परंतु ‘ही वस्तू या किमतीला विकली जाणार नाही’ हे वाक्य आणि ‘तू हे करण्याच्या लायकीचा नाहीस’ हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले उद्योजक घरी नेऊन वापरू शकतो. दुसरे फक्त प्रेक्षकसंख्या वाढवते, आणि ते संकलनात ठेवायचे की काढायचे याची जबाबदारी बोलणाऱ्याइतकीच वाहिनीचीही आहे. आपली नाराजी मला मान्य आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझा मुलगा अभियंता आहे, चांगली नोकरी आहे, पण हे कार्यक्रम पाहून तो राजीनामा देण्याच्या गोष्टी बोलतो. ज्या गुंतवणूकदारांचे तो दाखले देतो, त्यांच्यातल्या काहींच्या कंपन्याच तोट्यात होत्या, असेही वाचले. त्याला कसे समजवावे? (एक निवृत्त अधिकारी, कोथरूड, पुणे)

उत्तर : पहिले पर्व चालू असतानाच ती चर्चा झाली होती आणि ती निराधार नव्हती. मात्र आपण बँकेत ज्या नजरेने ताळेबंद पाहिलेत, तिच्यापेक्षा या कंपन्यांची रीत वेगळी असते. बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या भांडवलावर काही वर्षे तोटा सोसून ग्राहक मिळवायचे आणि नफा नंतर पाहायचा, असा तो मार्ग आहे. काहींना तो साधतो, पुष्कळांना साधत नाही. त्याच खुर्च्यांत पुण्याच्या एमक्युअर या औषधनिर्मिती कंपनीच्या नमिता थापरही बसतात. तो उद्योग कारखाने, औषधे आणि विक्री या जुन्या वाटेने वाढलेला आहे. दोन्ही वाटा एकाच मंचावर बसलेल्या असल्याने तरुण प्रेक्षकाला त्या सारख्याच वाटतात. मुलाशी बोलताना इथून सुरुवात करावी.

कार्यक्रमात जे दिसत नाही, ते आपणच त्याला सांगू शकता. भांडवल मिळवणे हा धंद्यातला एक दिवस असतो. उरलेले दिवस उधारीची वसुली, परत आलेला माल, वेळेवर भरायचा कर, सुट्टीवर गेलेला कारागीर आणि महिनाअखेरीस द्यायचे पगार यांत जातात, आणि यातले काहीही दहा मिनिटांच्या भागात बसत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानाच्या अधिपतींनी जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि संस्थानचा तो आधार म्हणजे त्या काळातली गुंतवणूकच होती. पण तो आधार आणि नांगर न विकले गेलेली दोन वर्षे, ही दोन्ही मिळून तो उद्योग घडला. आजच्या कार्यक्रमात पहिली गोष्ट दाखवता येते, दुसरी दाखवायला कॅमेरा तेवढा काळ थांबू शकत नाही.

तरीही मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. आपल्या पिढीत असा विषय निघाला असता, तर ‘धंदा हे आपले काम नाही’ या एका वाक्यात तो संपला असता. आज तो आपल्याशी जेवणाच्या टेबलावर भांडवलाची आणि हिश्श्याची भाषा बोलतो, आणि हे घडवण्यात या कार्यक्रमाचा वाटा आहे. राजीनामा द्यायचा की नाही, हा वाद सध्या बाजूला ठेवा. त्याची वस्तू किंवा सेवा ओळखीबाहेरच्या दहा माणसांनी पूर्ण पैसे मोजून घेतली आहे का, हे विचारा. पगार बंद झाल्यावर घरखर्च किती महिने चालेल, याचा आकडा त्याच्याकडून लिहून घ्या. आणि नोकरी चालू असताना वेगळे काम करण्यास त्याच्या नियुक्तिपत्रात मनाई आहे का, ते दोघांनी मिळून वाचा. आपण कर्जाच्या प्रस्तावांवर आयुष्यभर जे प्रश्न विचारलेत, ते त्याला विचारणारा पहिला माणूस आपणच असावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलांबरोबर ‘द अप्रेंटिस’ पाहतो. तो आणि ‘शार्क टँक’ यांत मुलांना कोणता दाखवावा? (एक वाचक, लंडन)

उत्तर : दोन्ही दाखवावेत, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. ‘द अप्रेंटिस’मध्ये उमेदवारांना गटात काम दिले जाते, काम फसते, मग बैठकीच्या खोलीत दोष कोणाचा यावर वाद होतो आणि एकाला घरी पाठवले जाते. सहकारी अडचणीत कसे वागतात, जबाबदारी कोण घेते आणि कोण ढकलते, हे त्यात चांगले दिसते. व्यवसायाचे अर्थकारण फारसे दिसत नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी विजेत्याला कार्यक्रमातले उद्योगपती ॲलन शुगर यांच्याकडे नोकरी मिळत असे. २०११ पासून अडीच लाख पौंडांची गुंतवणूक मिळते, त्यामुळे अखेरच्या भागांत उमेदवारांचे व्यवसाय आराखडे तपासले जातात. मुले मोठी असतील, तर हे शेवटचे भाग अवश्य दाखवावेत.

प्रश्न : मी घरी कोकम सरबत, आगळ आणि मालवणी मसाला तयार करून विकते. पाच बायका माझ्याकडे कामाला आहेत. गावातले सगळे म्हणतात, टीव्हीवर जा, पैसे मिळतील. जावे का? (एक उद्योजिका, सावंतवाडी)

उत्तर : ताई, आपल्याला पैसे कशासाठी हवेत, यावर हे अवलंबून आहे. उन्हाळ्यात कोकमाची फळे एकदम विकत घ्यावी लागतात आणि माल वर्षभर विकला जातो, म्हणून मधल्या काळात पैसा अडकतो, अशी अडचण असेल तर ते खेळते भांडवल आहे. त्यासाठी हिस्सा विकू नये. हिस्सा एकदा दिला की तो कायमचा जातो. कर्ज फेडले की संपते. मुद्रा योजनेत तारणाशिवाय ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण या गटांत कर्ज मिळते. आधी आपल्या बँकेत त्याची चौकशी करावी.

नवे यंत्र, मोठी जागा आणि कोकणाबाहेर विक्री, असा विचार असेल तर गुंतवणूकदाराचा प्रश्न येतो. खाद्यपदार्थांना अशा कार्यक्रमांत जागा मिळते, कारण घोट घेतल्यावर गुंतवणूकदाराच्या चेहऱ्यावर जे उमटते ते प्रेक्षकाला लगेच समजते. कारखान्यासाठी बनवलेल्या उत्तम यंत्रसामग्रीला तो लाभ नसतो. पहिल्या पर्वात बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या हैदराबादच्या ‘स्किप्पी’ला पाचही गुंतवणूकदारांनी मिळून १ कोटी रुपये १५ टक्क्यांसाठी देऊ केले, त्यात चवीचा आणि बालपणीच्या आठवणीचा वाटा होता. कोकमाला तो वाटा नक्कीच मिळेल.

परंतु प्रसारणानंतर आठवडाभरात एरवीच्या कित्येक महिन्यांएवढी मागणी येऊ शकते. तेवढ्या बाटल्या, तेवढे आगळ आणि ते फुटू न देता दिल्ली-बंगळुरूला पोहोचवणारी व्यवस्था नसेल, तर पहिल्याच वेळी नाराज झालेले ग्राहक परत येत नाहीत. एकलमालकीच्या व्यवसायात समभाग देता येत नाहीत, त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन करावी लागते. आपली अन्न सुरक्षा नोंदणी चालू आहे का, बाटलीवरचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदले आहे का, एका बाटलीमागे फळे, साखर, बाटली, झाकण, लेबल, मजुरी आणि वाहतूक धरून नेमका किती खर्च येतो, हे सनदी लेखापालाबरोबर बसून आधी काढून घ्यावे. त्या शेवटच्या आकड्यात आपली स्वतःची मजुरी धरायला विसरू नये. घरून चालणाऱ्या उद्योगांच्या हिशेबात तीच बहुधा राहून जाते.